खेळाडू वाट्टेल तसा वागला तरी संघ त्याचा करार रद्द का करत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: संघ खेळाडूला कोट्यवधी मोजतो, खेळाडू दारू पिऊन गाडी चालवताना पकडला जातो किंवा थेट प्रशिक्षकाच्या अंगावर धावून जातो, आणि तरीही त्याचा पगार चालू राहतो. अशा माणसाचा करार संघाला सरळ रद्द करता येत नाही का?

करता येतो. तसं कलम जवळपास प्रत्येक व्यावसायिक करारात असतं. खरी अडचण नंतर सुरू होते, कारण तो निर्णय लवादासमोर टिकवावा लागतो. वकील म्हणून मी हे काम दोन्ही बाजूंनी केलं आहे, कधी क्लबकडून तर कधी खेळाडूकडून. माझं मत असं झालं आहे की कलमात काय लिहिलंय यापेक्षा एकाच प्रश्नावर ही प्रकरणं जास्त फिरतात: हेच कृत्य संघातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूने केलं असतं, तर क्लबने त्याला घालवलं असतं का? बहुतेक क्लबांकडे याचं प्रामाणिक उत्तर 'नाही' असतं, आणि समोरच्या वकिलालाही ते माहीत असतं.

कलमांची भाषा मात्र भारदस्त असते. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या प्रमाणित करारानुसार खेळाडूचं वर्तन चांगला नागरिक, चांगलं चारित्र्य आणि खिलाडूवृत्ती या कसोट्यांवर उतरलं पाहिजे, नाहीतर संघ करार संपवू शकतो. कृत्य गुन्हा ठरत नसलं तरीही. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलचा करार याच धर्तीचा आहे. त्यात तंदुरुस्ती राखणं आणि सरावाचे नियम पाळणं यांचीही भर आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचं कलम सगळ्यात सैल: खेळाडूच्या वागण्याने क्लबच्या प्रतिमेला धक्का बसतो असं क्लबला वाजवी कारणाने वाटलं तरी पुरे.

हे वाचून क्लबचे मालक खूश होतात. पण अमेरिकी लीगमध्ये हा करार एकटा उभा नसतो. त्याच्या वर खेळाडू संघटना आणि लीग यांच्यातला सामूहिक करार असतो. शिक्षेला न्याय्य कारण हवं, खेळाडूला तक्रार करता आली पाहिजे, ती तक्रार दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या तटस्थ लवादापुढे गेली पाहिजे, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. 'चांगला नागरिक' म्हणजे कोण हे मग मालक ठरवत नाही, लवाद ठरवतो. आणि एखाद्या माणसाची अनेक वर्षांची कमाई एका फटक्यात काढून घेताना लवाद आधी विचारतो की यापेक्षा हलकी शिक्षा पुरली नसती का.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे लॅट्रेल स्प्रीवेल. १ डिसेंबर १९९७ रोजी एनबीएतल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या सरावात त्याने प्रशिक्षक पी. जे. कार्लेसिमो यांचा गळा धरला. लोकांनी सोडवलं, तो आत गेला, आणि थोड्या वेळाने परत येऊन पुन्हा त्यांच्यावर धावून गेला. नोकरीच्या ठिकाणी वरिष्ठाचा गळा धरणं यापेक्षा स्पष्ट कारण काय हवं? क्लबने आधी त्याला दहा सामन्यांसाठी निलंबित केलं. दोन दिवसांनी, बाहेर गदारोळ वाढल्यावर, करारच संपवला. त्यात सुमारे २ कोटी ३७ लाख डॉलर शिल्लक होते. वर एनबीएने एका वर्षाची बंदी घातली.

लवाद होते जॉन फीरिक, फोर्डहॅम विद्यापीठाच्या विधी शाखेचे अधिष्ठाता. मार्च १९९८मध्ये त्यांनी करार पुन्हा जिवंत केला आणि बंदी त्या हंगामापुरती, म्हणजे ६८ सामन्यांवर आणली. स्प्रीवेलचे सुमारे ६४ लाख डॉलर गेले, बाकीचा करार वाचला. या निकालावर लोक खूप चिडले होते. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. क्लबने सोमवारी या कृत्याची किंमत दहा सामने ठरवली होती आणि बुधवारी तीच किंमत पूर्ण करार अशी केली. दरम्यान कृत्य बदललेलं नव्हतं, फक्त वर्तमानपत्रांतले मथळे बदलले होते. मी क्लबला सल्ला देतो तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगतो: घाईने छोटी शिक्षा जाहीर करू नका. पगार चालू ठेवून खेळाडूला बाजूला बसवा, चौकशी करा, आणि मग एकदाच काय ते ठरवा.

एकाच कृत्यासाठी लीगने आणि क्लबने दोघांनी शिक्षा द्यायची नाही, हे तत्त्व बेसबॉलच्या सामूहिक करारातही आहे आणि एनबीएच्याही. एनबीएमध्ये अपवाद ठेवला आहे, पण तो अगदी टोकाच्या कृत्यांसाठी. स्प्रीवेलला पुढे न्यूयॉर्क निक्सने घेतलं आणि १९९९मध्ये तो त्यांच्याकडून अंतिम फेरीत खेळला. 'याच्याशी आता कुणीही करार करणार नाही' असं क्लब सांगत असतो तेव्हा लवादाच्या डोक्यात अशी नावं येतातच.

बेसबॉलमधली प्रकरणं बघितली की अजून एक गोष्ट दिसते. १९८७मध्ये सॅन डिएगो पाड्रेसने अमली पदार्थांच्या प्रकरणांत अडकलेल्या लामार हॉइटला काढलं. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी करार पाळायला लावला. क्लबला त्याला खेळवायचं नव्हतं, तरी पैसे द्यावे लागले. डिसेंबर २००४मध्ये कोलोरॅडो रॉकीजने डेनी नीगलचा करार संपवला. आरोप वेश्याव्यवसायाशी संबंधित होता. नीगल दुखापतग्रस्त होता, महागडा होता, आणि क्लबला त्याच्याकडून यायचं बाकी काही उरलं नव्हतं. सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरचा वाद होता. तडजोडीत त्याला १ कोटी ६० लाख मिळाले. म्हणजे क्लबने नैतिकतेचा एवढा मोठा पवित्रा घेऊन सवलत मिळवली ती साधारण सहाव्या हिश्श्याची.

अशा तडजोडींचे आकडे मी नवीन वकिलांना मुद्दाम दाखवतो. करार रद्द करण्याचं पत्र हे बऱ्याचदा घासाघीस सुरू करण्याचं पत्र असतं. क्लबला ठाऊक असतं की पूर्ण रक्कम वाचणार नाही, खेळाडूला ठाऊक असतं की सुनावणीत सगळी लफडी बाहेर येतील, आणि मग दोघं मधे कुठेतरी भेटतात.

आइस हॉकीतलं माइक रिचर्ड्सचं प्रकरण हेतूच्या प्रश्नावर अगदी बोट ठेवतं. जून २०१५मध्ये लॉस एंजलिस किंग्जने त्याचा करार 'गंभीर भंग' म्हणून संपवला. कॅनडाच्या सीमेवर त्याच्याकडे वेदनाशामक गोळ्या सापडल्याचं प्रकरण होतं, आणि पत्र गेलं तेव्हा त्याच्यावर अधिकृत आरोपही ठेवला गेला नव्हता. त्याच्या कराराची पाच वर्षं बाकी होती आणि त्याचा खेळ उतरला होता. आदल्या वर्षी क्लबला पैसे मोजून त्या करारातून बाहेर पडण्याची संधी होती, ती त्यांनी घेतली नव्हती. साहजिकच सगळ्यांनी विचारलं की हा नैतिक संताप आहे की हिशेबाची दुरुस्ती. ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली: क्लब त्याला कित्येक वर्षं हप्त्याहप्त्याने पैसे देणार, आणि काही भार क्लबच्या पगारमर्यादेवर (संघाच्या एकूण पगारखर्चावर लीगने घातलेल्या मर्यादेवर) राहणार.

आता ज्या बाजूला क्लब जिंकतात ती बाजू. 'चारित्र्य' असले मोघम शब्द सोडा आणि ठरावीक, मोजता येईल असं कलम घ्या. बेसबॉलपटू आरन बूनने ऑक्टोबर २००३मध्ये बोस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात होमरन मारून न्यूयॉर्क यांकीजला वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत नेलं. शहरात त्याच्याइतका लाडका माणूस नव्हता. जानेवारी २००४मध्ये मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळताना त्याचा गुडघा गेला. करारात बास्केटबॉलला मनाई होती. तो खोटं बोलला नाही, काय झालं ते क्लबला सरळ सांगितलं. ५७ लाख ५० हजार डॉलरच्या त्या कराराची हमी नव्हती, म्हणजे क्लबने सोडलं तरी पूर्ण पैसे मिळतीलच असं नव्हतं. यांकीजने तो संपवला आणि सुमारे ९ लाख १७ हजार डॉलर देऊन हात झटकले. यात गैरवर्तन काहीच नव्हतं, आणि तरीही प्रशिक्षकाचा गळा धरणाऱ्यापेक्षा जास्त मोठा हिस्सा बूनने गमावला. (पुढे २०१८पासून तोच यांकीजचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक झाला, म्हणजे मनात कुणी काही धरलं नसावं.)

बूनच्या जागेवर यांकीजने आणला तो अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज. २००७च्या अखेरीस त्याच्याशी २७ कोटी ५० लाख डॉलरचा दहा वर्षांचा नवा करार झाला. उत्तेजक प्रकरणात त्याला आधी २११ सामन्यांची बंदी मिळाली, लवादाने ती १६२वर आणली, आणि २०१४चा संपूर्ण हंगाम गेला. सगळे म्हणत होते, यांकीज आता करार रद्द का करत नाहीत? कारण बेसबॉलच्या संयुक्त उत्तेजकविरोधी कार्यक्रमात स्पष्ट लिहिलंय की अशा उल्लंघनाची शिक्षा लीगच्या आयुक्तांचं कार्यालय देईल, क्लब वेगळी कारवाई करणार नाही. बंदीच्या काळातला पगार वाचला तेवढाच. बंदीनंतर तो परत आला, खेळला, आणि ऑगस्ट २०१६मध्ये त्याला मोकळं केलं तेव्हाही उरलेले पैसे क्लबनेच दिले. उत्तेजकं आणि व्यसनं या बाबतीत बाहेरचे लोक हमखास गल्लत करतात. त्यांना वाटतं हा सगळ्यात सोपा आधार असेल. संघटनेने आधीच शिक्षेचा तक्ता आणि उपचाराची वाट ठरवून घेतलेली असेल, तर क्लबसाठी तो सगळ्यात अवघड आधार असतो.

एनएफएलमध्ये हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो. तिथे बहुतेक पगाराची हमीच नसते. क्लब वाईट खेळासाठीही खेळाडूला सोडू शकतो, मग वागणुकीचं कारण शोधायचं कशाला? आरन हर्नांडेझला जून २०१३मध्ये अटक झाली आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सने दोनेक तासांच्या आत त्याला सोडलं. भांडण होतं ते आधी दिलेल्या किंवा कबूल केलेल्या पैशांचं, म्हणजे सहीचा बोनस आणि हमीच्या रकमांचं. मायकल विक कुत्र्यांच्या झुंजींच्या प्रकरणात दोषी ठरल्यावर अटलांटा फाल्कन्सने बोनसपैकी सुमारे २ कोटी डॉलर परत मागितले. लवादाने २००७मध्ये क्लबच्या बाजूने कौल दिला. मग फेडरल न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी २००८मध्ये त्यातला बहुतांश भाग, १ कोटी ६० लाखांहून जास्त, विककडेच राहील असं ठरवलं, कारण सामूहिक कराराच्या भाषेनुसार ते पैसे त्याने आधीच कमावलेले होते. तुरुंगात गेलेल्या माणसाने आधीच्या वर्षांचा बोनस ठेवावा हे कानाला खटकतं, मान्य आहे. पण संघात असण्याबद्दल मिळणारा बोनस तो संघात असताना मिळाला, हे तर खरंच होतं.

म्हणून हल्लीचे क्लब करार रद्द करण्यापेक्षा हमीच रद्द होईल असं कलम घालतात. २०१९मध्ये ओकलंड रेडर्सने अँटोनियो ब्राउनला गैरवर्तनाबद्दल दंड केला. त्या दंडामुळे २ कोटी ९० लाख डॉलरहून जास्त रकमेची हमी उडाली आणि त्याच दिवशी तो संघाबाहेर पडला. करार पाच मिनिटं का होईना शिल्लक होता, फक्त त्यातला जीव काढून घेतला होता. खेळाडूच्या बाजूने करार वाचायला बसतो तेव्हा मी पगाराचा आकडा शेवटी बघतो. हमी कोणत्या कारणाने जाते, साध्या दंडाने जाते की निलंबनानेच, हे आधी शोधतो.

एनएफएलमध्येही दुहेरी शिक्षेचा मुद्दा येतो. होणाऱ्या बायकोला मारहाण केल्याबद्दल रे राइसला लीगने आधी दोन सामन्यांची बंदी दिली होती. सप्टेंबर २०१४मध्ये लिफ्टमधला व्हिडिओ बाहेर आल्यावर बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला सोडलं आणि लीगने बेमुदत निलंबित केलं. माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी नोव्हेंबरमध्ये ते निलंबन रद्द केलं: त्याच कृत्याची शिक्षा आधी देऊन झाली होती. क्लबविरुद्धचा पगाराचा दावा तडजोडीत मिटला. कृत्याबद्दल कुणाच्या मनात सहानुभूती नव्हती, आणि एकाही क्लबने नंतर त्याला खेळवलं नाही. तरी पैसे मिळाले.

युरोपातल्या फुटबॉलमध्ये गणित पूर्ण उलटं आहे. तिथे खेळाडू विकत घेतलेला असतो, ट्रान्सफर फी मोजलेली असते. करार संपवला की तो मोकळा, आणि फी बुडीत. लुइस सुआरेझ २०१३मध्ये प्रतिस्पर्ध्याला चावला, दहा सामन्यांची बंदी भोगली, २०१४च्या विश्वचषकात पुन्हा चावला. लिव्हरपूलने करार रद्द केला नाही, त्याला बार्सिलोनाला विकलं आणि सहा कोटी पौंडांहून जास्त मिळवले. इंग्लंडच्या प्रमाणित करारात क्लबला दंडही साधारण दोन आठवड्यांच्या पगाराइतकाच करता येतो. मांजरीला लाथ मारणाऱ्या कर्ट झूमाला २०२२मध्ये वेस्ट हॅमने तेवढा कमाल दंड केला आणि खेळवत राहिले. तसं बघितलं तर हे क्लबच्या ताळेबंदाला धरूनच होतं. सुंदरलंडने फेब्रुवारी २०१६मध्ये अ‍ॅडम जॉन्सनचा करार संपवला तो त्याने कोर्टात काही आरोप कबूल केल्यावर. कबुली किंवा दोषसिद्धी हातात असली की क्लबचं काम बरंच सोपं होतं.

याला मोठा अपवाद चेल्सीचा. २००३मध्ये १ कोटी ५८ लाख पौंडांना घेतलेला एड्रियन मुटू २००४मध्ये कोकेनच्या चाचणीत सापडला. चेल्सीने २८ ऑक्टोबरला त्याला काढलं. फुटबॉल असोसिएशनने सात महिन्यांची बंदी घातली आणि काही महिन्यांत तो युव्हेंटसकडे गेला. चेल्सीने मग फिफाकडे नुकसानभरपाई मागितली. युक्तिवाद असा: करार खेळाडूने मोडला, तेव्हा ट्रान्सफर फीचा न वसूल झालेला भाग त्याने भरावा. २००८मध्ये फिफाने १ कोटी ७१ लाख युरोंहून जास्त रक्कम ठरवली, २००९मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ती कायम केली, स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात मुटू हरला, आणि २०१८मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयातही त्याला यश आलं नाही. व्यसनात सापडलेल्या तरुण खेळाडूवर एवढा बोजा मला आजही जास्त वाटतो. पण कायद्याच्या दृष्टीने हा धडा पक्का आहे: फिफाच्या नियमांत न्याय्य कारणाने करार संपवता येतो, आणि चूक खेळाडूची ठरली तर पैशाचा प्रवाह उलटाही वाहू शकतो.

क्रिकेटमध्ये राष्ट्रीय मंडळाचे करार बहुधा वर्षा-वर्षाचे असतात, त्यामुळे हा वाद तेवढा पेटत नाही. अँड्र्यू सायमंड्सला २००९च्या टी-२० विश्वचषकाआधी मद्यपानाच्या नियमभंगावरून घरी पाठवलं आणि क्रिकेट ऑस्ट्रेलियाने त्याचा करारही काढून घेतला. त्याआधी त्याला एकाहून जास्त संधी दिल्या गेल्या होत्या. मी क्लबच्या बाजूला असतो तेव्हा सगळ्यात आधी अशाच लेखी ताकिदींची फाइल मागतो. ती जाड असेल तर निम्मं काम झालेलं असतं.

समाजमाध्यमांवरच्या विधानांमुळे संपलेले करार हा वेगळाच गुंता आहे. रग्बी ऑस्ट्रेलियाने मे २०१९मध्ये इझरायल फोलाऊचा करार धार्मिक मजकुराच्या पोस्टवरून संपवला. आचारसंहितेचा भंग झाल्याचं त्यांच्या समितीने ठरवलं होतं, तरी डिसेंबरात प्रकरण तडजोडीनेच मिटलं. तिथे वर्तणुकीच्या कलमाची गाठ धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याशी पडली होती आणि निकाल काय लागेल याची खात्री कुणालाच नव्हती.

जाहिरातदारांशी केलेल्या करारांना मात्र हे सगळं लागू नाही. तिथे संघटना नाही, सामूहिक करार नाही, दोघांमधला साधा करार असतो आणि त्यातलं कलम कंपनीच्या वकिलाने लिहिलेलं असतं. जलतरणपटू रायन लोक्टीने २०१६च्या रिओ ऑलिंपिकदरम्यान लुटल्याची बनावट गोष्ट सांगितली, तेव्हा स्पीडोसह त्याचे प्रायोजक काही दिवसांत निघून गेले. लोक हे बघतात आणि क्लबनेही तसंच करावं अशी अपेक्षा धरतात.

शेवटी पैशाची एक बाजू, जी सहसा कुणी विचारत नाही. करार चुकीने रद्द झाला असं ठरलं तरी खेळाडूला सगळी रक्कम मिळेलच असं नाही. दुसरीकडे जे कमावलं ते बऱ्याचदा वजा होतं. आइस हॉकीपटू इव्हँडर केनचा सात वर्षांचा, ४ कोटी ९० लाख डॉलरचा करार सॅन होजे शार्क्सने जानेवारी २०२२मध्ये कोविडचे नियम मोडल्याच्या कारणाने संपवला. सव्वादोन कोटींहून जास्त रक्कम शिल्लक होती. केन त्याच महिन्यात एडमंटन ऑयलर्सकडे गेला, चांगला खेळला, आणि उन्हाळ्यात त्यांच्याशी चार वर्षांचा नवा करार केला. नुकसान आकसलं. सप्टेंबरात तक्रार मिटली ती सुमारे २५ लाख डॉलरवर. म्हणून काढून टाकलेला खेळाडू माझ्याकडे येतो, तेव्हा त्याला मी दोनच गोष्टी विचारतो: तक्रार दाखल करायची मुदत कधी संपते, आणि पुढच्या संघाशी बोलणी कुठपर्यंत आली आहेत.